अंगण खरंच वाकडं होतं

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ या म्हणीने त्या नाचणारीवर पिढ्यान् पिढ्या अन्याय केला आहे. ती बाई स्पष्ट शब्दांत तक्रार करत होती. पण गवंड्याकडची लेव्हलची नळी घेऊन कोणी आलं नाही, अंगणाच्या चार कोपऱ्यांत पाणी कुठवर चढतंय ते कोणी बघितलं नाही. सगळे हसले आणि जेवायला घरी गेले. माझी उभी नोकरी कारखान्यातल्या मापयंत्रांच्या संगतीत गेली, त्यामुळे तिच्या बाजूने साक्ष द्यायला मी केव्हाही तयार आहे. अंगण वाकडंच असतं. सपाट अंगण मला अजून भेटलेलं नाही. कधी अख्खं अंगणच वीतभर उंच बांधलेलं असतं, त्याला आम्ही ऑफसेट म्हणतो. कधी ते एका अंगाला उतरतं असतं, तो ट्रेंड. नाच कसा झाला हे ठरवायचं तर आधी अंगणाची उंची आणि उतार वजा करावा लागतो. वजा केल्यावर बहुतेक वेळा असं दिसतं की नाचही बेताचाच होता, पण तो मुद्दा वेगळा.

वजाबाकीचा हा सराव घरोघरी चालतो. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलेलं घर मराठी मुलखात शोधावं लागत नाही. हेतू उदात्त असतो, सगळ्यांनी वेळेवर निघावं हा. प्रत्यक्षात घरातलं शेंडेफळसुद्धा घड्याळाकडे बघताक्षणी मनातल्या मनात दहा वजा करतं आणि सगळे पूर्वीइतकेच उशिरा बाहेर पडतात. ऑफसेट कायमचा असेल आणि सगळ्यांना ठाऊक असेल तर त्याचा त्रास शून्य आणि उपयोगही शून्य. फसतो फक्त पाहुणा. तो चहा अर्धा टाकून स्टेशनवर धावतो आणि तिथे गाडीची वाट बघत बसतो. खरी पंचाईत सेल उतरत आलेल्या घड्याळाची. ते सोमवारी पाच मिनिटं मागे असतं, गुरुवारी वीस. आज किती मिळवायचे हे रोज नव्याने ठरवावं लागतं आणि त्यासाठी दुसरं बरोबर घड्याळ लागतं. ते घरात असतं तर या पहिल्याकडे बघितलं कोणी असतं?

आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागात एक जुने फिटर होते. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. प्रेशर गेजच्या काचेवर बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारल्याखेरीज मामांनी कधी आकडा वाचला नाही, कारण काटा अडकून बसलेला असू शकतो आणि टिचकीने तो खरं बोलायला लागतो. पाइप उघडा, आत दाबाचं नाव नाही आणि तरी काटा अर्ध्या रेघेवर रेंगाळतोय असं दिसलं की मामा खिशातून पेन्सिलीएवढा स्क्रूड्रायव्हर काढत. मागच्या पितळी स्क्रूला इतका बारीक पीळ देत की तो फिरला हे फक्त त्यांना आणि काट्याला कळे. झिरो लागला की स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. पुढे कोणी आगाऊपणा करून स्क्रू फिरवला तर ठिपका तडकतो आणि चोरी उघडी पडते. ही बाटली खरेदीच्या कागदांत ‘सीलिंग कंपाउंड, लाल’ या नावाने चढलेली होती. ऑडिटला आलेल्या गृहस्थांनी वास घेऊन पाहिला होता, पण ते काही बोलले नाहीत.

आमच्या धंद्यात एक ऑफसेट मात्र जाणूनबुजून ठेवलेला असतो. टाकीतली पातळी, वाफेचा दाब, भट्टीचं तापमान हे सगळं कंट्रोल रूमकडे येतं ते 4 ते 20 मिलिअँपिअर करंटच्या रूपात. टाकी रिकामी असली की 4, काठोकाठ भरली की 20. सुरुवात शून्यापासून का नाही? तर टाकी रिकामी आहे आणि उंदराने वायर खाल्ली आहे, या दोन बातम्या मग एकसारख्याच आल्या असत्या म्हणून. आलेल्या आकड्यातून संगणक 4 वजा करतो आणि उरलेल्याला 16 ने भागतो. त्यामुळे वायर तुटून करंट शून्यावर आला की पडद्यावर टाकी उणे 25 टक्के भरलेली दिसते. नव्याने रुजू झालेल्या एका मुलाने रात्रपाळीच्या रजिस्टरात ‘टाकी -25 %. पाणी भरण्यास सांगितले.’ अशी नोंद केली होती. पंपवाल्याने पाणी भरलंही होतं. टाकी मुळात भरलेली होती, त्यामुळे ते पाणी कुठे गेलं हे सकाळी सायकल स्टँडवर सगळ्यांना कळलं.

पुढे याच मुलाकडे पंपांच्या कंपनांचं काम आलं. पोरगा हुशार, हातात लॅपटॉप, बोलण्यात ‘बेसिकली’. बेअरिंगच्या घरावर लोहचुंबकाने एक सेन्सर चिकटवायचा, थरथर नोंदवायची आणि ती फास्ट फूरियर ट्रान्सफॉर्म नावाच्या चरकातून काढायची. फूरियर या फ्रेंच माणसाने उष्णतेवरच्या ग्रंथात ही कल्पना 1822 साली मांडली आणि कूली व टुकी या दोघांनी 1965 मध्ये ती संगणकावर भराभर करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. कोणताही गलका आत घाला, त्यात कोणत्या वारंवारतेचा आवाज किती, हे चरक वेगवेगळं करून सांगतो. मोटर मिनिटाला 1480 फेरे घेत होती, म्हणजे सेकंदाला पावणेपंचवीसच्या जरा खाली. तिथे एक खांब उभा दिसायला हवा. दिसला तो आलेखाच्या डाव्या टोकाला, शून्यावर. कुतुबमिनारासारखा. बाकी सगळीकडे जमीन सपाट.

“सर, पंप बंद आहे,” तो म्हणाला. पाठीमागे पंप इतका कोकलत होता की हे वाक्य त्याला माझ्या कानाशी येऊन पुन्हा ओरडावं लागलं.

झालं होतं एवढंच. त्या जातीच्या सेन्सरच्या तारेवर कायमचे बाराएक व्होल्ट बसलेले असतात. त्यांच्याविना तो कामच करत नाही. पंपाची थरथर या बारा व्होल्टच्या डोक्यावर जेमतेम वीस मिलिव्होल्टची चुळबुळ करत असते. चरकाने प्रामाणिकपणे सांगितलं की या मालात जे कधीच बदलत नाही तेच सगळ्यात जास्त आहे. शून्य वारंवारता म्हणजे न बदलणं. मिनार पडद्यावर मावेल अशी मोजपट्टी घेतली की बाकीचे खांब गवताच्या पात्याएवढेही उरत नाहीत. उपाय पाचवीच्या मुलाला जमेल असा आहे. सगळ्या आकड्यांची सरासरी काढा आणि प्रत्येकातून ती वजा करा. तसं केल्यावर मिनार गेला, पंचविशीच्या अलीकडचा खांब वर आला आणि पंप चालू असल्याचं मुलाने मान्य केलं.

तरी डाव्या बाजूला एक ढिगारा उरलाच. पंप तापत होता, त्याबरोबर सेन्सर तापत होता आणि त्याची रेघ हळूहळू वर चढत होती. इथे चरकाचा एक भ्रम आडवा येतो. तुम्ही दिलेला तुकडा पुढे अनंतकाळ तसाच्या तसा परत परत येणार आहे, असं तो धरून चालतो. रेघ चढत चढत टोकाला गेली की पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला तिला एकदम खाली उडी मारावी लागते. प्रत्यक्षात नसलेल्या या कड्याचं स्पष्टीकरण द्यायला चरक मंद लाटांची भलीमोठी रास गोळा करतो. म्हणून सगळ्या बिंदूंच्या मधोमध जाणारी एक सरळ रेघ काढायची आणि ती वजा करायची. ही मधोमध रेघ काढण्याची रीत फ्रेंच गणिती लजांद्रने 1805 मध्ये छापली. त्यावर गाउसने ‘आम्ही हे 1795 पासूनच करतो’ असं सांगून त्याचं तोंड कडू केलं. मॅटलॅबमध्ये आणि पायथनमध्ये त्यासाठी आता ‘डीट्रेंड’ नावाची तयार आज्ञा असते. मुलाला ती एका शब्दाची आज्ञा फार आवडली. आमच्या पुढच्या दुःखांची सुरुवात इथून झाली, पण त्याआधी दवाखान्यात जाऊन येऊ.

ज्याने ईसीजी काढून घेतला आहे त्याने ऑफसेट आणि ट्रेंड दोन्ही स्वतःच्या अंगावर वागवले आहेत. छातीवर थंडगार जेल, त्यावर रबरी फुग्यांच्या वाट्या, हातापायांना चिमटे. मग टेक्निशियन बाई म्हणतात, “काका, हलू नका. श्वास नॉर्मल घ्या.” असं सांगितल्यावर नॉर्मल श्वास घेतलेला माणूस वैद्यकशास्त्राला अजून सापडायचा आहे. गुलाबी चौकटीच्या त्या कागदावर 1 मिलिव्होल्ट म्हणजे 1 सेंटिमीटर. हृदयाच्या ठोक्याचं टोक साधारण तेवढंच असतं. पण घामेजलेली कातडी आणि धातूची वाटी एकत्र आल्या की तिथे एक चिमुकली बॅटरीच तयार होते. दोन वाट्यांच्या बॅटऱ्या सारख्या नसतात आणि त्यांच्यातला फरक 300 मिलिव्होल्टपर्यंत गेला तरी यंत्राने तो गुमान सोसावा अशी अपेक्षा असते. तो वजा न करता यंत्राने आहे तसं काढायचं ठरवलं, तर रेघ कागदाच्या 3 मीटर वर जाईल. पेशंट खाली पलंगावर आणि त्याचं हृदय पंख्याला गुंडाळलेलं.

हा झाला ऑफसेट. त्यावर श्वासाची लाट. छाती फुगली की रेघ वर, बसली की खाली, मध्येच काकांना खोकला आला तर रेघ शेजारच्या रेघेच्या घरात. हे थोपवायला यंत्रात चाळण लावलेली असते. आयसीयूतल्या मॉनिटरवर साधारणपणे सेकंदाला अर्ध्या फेऱ्याहून मंद असं काही दिसू देत नाहीत, म्हणून तिथली रेघ शिस्तीत चालते. निदानाच्या ईसीजीला मात्र ही चाळण दहापट सैल ठेवावी लागते, म्हणजे 0.05 हर्ट्झवर. कारण घट्ट चाळणीने श्वास तर जातोच, शिवाय ठोक्यानंतरचा एसटी नावाचा तुकडाही वाकतो. हृदयविकाराचा झटका डॉक्टर ओळखतात तो याच तुकड्याच्या वर-खाली होण्यावरून. रेघ फार नीटनेटकी केली तर निरोगी माणूस आजारी दिसू शकतो आणि उलटही. जेल थंड लागलं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या आइन्टहोव्हनचे पेशंट आठवावेत. लायडनला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसत. यंत्र सुमारे 270 किलोचं आणि चालवायला पाच माणसं. आइन्टहोव्हनला 1924 चं नोबेल मिळालं. पेशंटांना टॉवेल मिळाला असेल अशी आशा आहे.

ऑफसेटचा खरा प्रताप बघायचा असेल तर खिशातला मोबाइल टेबलावर ठेवा. त्याच्यात प्रवेग मोजणारा एक सेन्सर असतो. मोबाइल निपचित पडलेला असतानाही हा सेन्सर वरच्या दिशेने 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग असा प्रवेग दाखवतो, कारण गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध टेबल त्याला उचलून धरून आहे. प्रवेगाची एकदा बेरीज केली की वेग मिळतो, वेगाची बेरीज केली की अंतर. 9.8 वजा करायला विसरून कोणी ही बेरीज केली, तर दहा सेकंदांत मोबाइल 490 मीटर वर गेलेला असतो. मिनिटभरात 17.6 किलोमीटर, म्हणजे प्रवासी विमानं त्याच्या खाली. अडीच मिनिटांच्या आत तो 100 किलोमीटरची वेस ओलांडून अंतराळात शिरतो. आणि अजून चार्जरला लावलेलाच असतो.

हेच गणित हसण्यावारी नेता येत नाही अशी जागा आपल्याकडे आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, सुमारे 180 माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात बसवलेल्या प्रवेगलेखकाने तो हादरा टिपला. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून जास्त प्रवेग त्यात नोंदला गेला आणि जगभरचे धरण अभियंते आजही आपली गणितं त्या नोंदीवर पारखून घेतात. त्या पिढीतली यंत्रं हादरा बसला की जागी व्हायची आणि प्रकाशाच्या ठिपक्याने फिल्मवर रेघ ओढायची. हादऱ्यामुळेच जाग येणार, त्यामुळे हादऱ्याआधीची शांतता त्यांच्याकडे नोंदलेली नसायची. मग शून्य कुठे होतं? ते नंतर कोणीतरी भिंग घेऊन, रेघेवरचे बिंदू उचलून अंदाजाने ठरवायचं. अशा कुठल्याही नोंदीत हा अंदाज गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाने चुकला, तर वीस सेकंदांच्या दुहेरी बेरजेनंतर कागदावरचं धरण सुमारे दोन मीटर सरकलेलं दिसतं. म्हणून बेसलाइन करेक्शन ही भूकंप अभियांत्रिकीतली एक स्वतंत्र कलाच आहे आणि कलावंतांमध्ये असतात तितके मतभेद तिच्यातही आहेत.

ट्रेंड तसाच राहू दिला तर काय होतं, हे जॉर्ज उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने 1926 मध्ये दाखवलं. त्याने 1866 ते 1911 या काळातले दोन आकडे घेतले. एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने लागलेली लग्नं किती, हा एक आणि मृत्यूचं प्रमाण, हा दुसरा. दोघांतला सहसंबंध निघाला 0.95. एकच्या वर सहसंबंध जातच नाही, म्हणजे सोयरीक सख्खीच म्हणायची. यावरून कोणी असा सल्ला देईल की माणसं मरू नयेत असं वाटत असेल तर चर्चला कुलूप लावा. भानगड एवढीच होती की त्या काळात दोन्ही आकडे आपापल्या कारणांनी उतरत होते. पुण्यातल्या दुचाकी आणि माझ्या चष्म्याचा नंबर यांचंही असंच आहे. दोन्ही फक्त वर जातात. सहसंबंध काढला तर तो इतका देखणा निघेल की आरटीओने मला नोटीस पाठवावी. ट्रेंड वजा करून मग दोघांची वर-खाली जुळते का ते बघावं. तेव्हा कळतं की यांची ओळखसुद्धा नाही.

आता त्या मुलाकडे येऊ. एखादं औषध लागू पडलं की आपण ते दुप्पट घेतो. सरळ रेघ वजा करून आलेख इतका छान दिसतो, तर वाकडी रेघ वजा करून किती छान दिसेल, असं त्याच्या मनाने घेतलं. आधी एका बाकाची रेघ, मग तीन बाकांची, मग नऊ. नऊ वळणं घेणारी रेघ कुठेही शिरते. तिने हळूच जाऊन ट्रेंडबरोबर सिग्नलही खाल्ला आणि उरलेल्या अवशेषांत मुलाला नव्याच लाटा सापडल्या. अशा लाटांचा जुना उस्ताद म्हणजे रशियन स्लुत्स्की. त्याने 1927 मध्ये सरकारी लॉटरीच्या सोडतीचे आकडे घेतले. लॉटरीत क्रम कसला असणार! त्यातल्या सलग दहा-दहा आकड्यांच्या सरकत्या बेरजा केल्या, तर निघालेला आलेख एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या तेजी-मंदीशी जोडीने ठेवावा इतका हुबेहूब. डेटाला इस्त्री करताना चुण्या निघतात तशा नव्या पडतातही.

मुलाने मग डीट्रेंडची आज्ञा सगळ्याच चॅनेलवर लावून टाकली. एकदा लावली की आपोआप चालते, अशी त्याची दृष्टी. चॅनेलांत बेअरिंगचं तापमानही होतं. ते काही दिवसांपासून रोज थोडंथोडं चढत होतं. आज्ञेने तो चढ इमानदारीने वजा केला आणि दर सोमवारच्या मीटिंगला शून्याच्या आसपास अदबीने डुलणारी एक सुंदर रेघ पडद्यावर झळकू लागली. साहेब खूश. “बघा, किती स्टेबल आहे,” असं त्यांनी दुसऱ्या विभागाला सुनावलंसुद्धा. मामा मीटिंगला बसत नसत. ते पंपापाशी गेले, सवयीने बेअरिंगच्या घरावर तळवा ठेवला आणि तो झटक्यात मागे घेतला.

“रेघ सरळ आहे ना रे तुझी?” त्यांनी मुलाला विचारलं.

“एकदम सरळ, मामा.”

“मग हात का भाजला माझा?”

पंप थांबवला. बेअरिंग उघडलं तेव्हा आतलं ग्रीस डांबरासारखं काळं झालं होतं. पंप हळूहळू मरतोय ही एकच बातमी त्या चॅनेलवरून येत होती आणि आम्ही ती गोंगाट म्हणून गाळत होतो. मुलाची बाजू घ्यायची तर, आज्ञेला हे कळण्याचा मार्गच नव्हता. कंपनाच्या चॅनेलवर चढ हा कचरा आणि तापमानाच्या चॅनेलवर तोच चढ म्हणजे माल, हे आकड्यांवर कुठेही लिहिलेलं नसतं.

मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राची पातळी 1878 पासून मोजली जाते. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. तिच्यात उधाणाच्या दिवशी काही मीटर वर-खाली होणारी भरती-ओहोटी आहे, वादळाने लोटलेलं पाणी आहे आणि या सगळ्याच्या तळाशी वर्षाला मिलिमीटरच्या आसपास सरकणारी चढण आहे. गोदीत जहाज आणणाऱ्या पायलटला भरती हवी, चढणीशी त्याला कर्तव्य नाही. हवामान बदलावर काम करणारा भरती सगळीच्या सगळी पुसून टाकतो आणि त्या मिलिमीटरला डोळ्यांत तेल घालून जपतो. वादळाचा अभ्यास करणारा दोन्ही वजा करून उरलेल्यात आपलं पाणी शोधतो. तिघांना एकाच टेबलावर बसवून ‘यातला सिग्नल कोणता?’ असं विचारण्याची माझी फार इच्छा आहे. चहा त्यांनी पाजायचा.

जगातला सर्वांत चिवट ऑफसेट निघाला तो अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या होमडेल इथे. 1964 मध्ये बेल लॅबोरेटरीजचे आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन एका अवाढव्य शिंगाच्या आकाराच्या अँटेनाने आकाशातल्या रेडिओ लहरी मोजत होते. हवेचा वाटा, यंत्राचा वाटा, जमिनीचा वाटा, जे जे सुचेल ते वजा करूनही साडेतीन अंश केल्विनची खरखर उरायची. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो की रात्र, उन्हाळा असो की हिवाळा, खरखर तेवढीच. न्यूयॉर्क शहरावर संशय घेऊन झाला. पत्र्याच्या सांध्यांवर अॅल्युमिनियमची टेप चिकटवून झाली. मग आत संसार थाटलेली कबुतरांची जोडी नजरेस आली. कबुतरं संसार कशाने सजवतात हे दादरच्या माणसाला सांगायला नको. पेंझियस-विल्सननी त्या सजावटीला ‘पांढरा विद्युतरोधक पदार्थ’ असं शास्त्रीय नाव देऊन ती खरवडून काढली. कबुतरं पिंजऱ्यात पकडून कंपनीच्या टपालाने दूर पाठवली. ती परत आली. शेवटी बंदूक आणावी लागली. खरखर जागच्या जागी. जवळच प्रिन्स्टनला रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी नेमकी हीच गोष्ट शोधण्यासाठी यंत्र बांधत होते. त्यांच्याशी बोलणं झाल्यावर उलगडा झाला की वजा होत नाही ती विश्वाच्या जन्मकाळची ऊब आहे. दोघांना 1978 चं नोबेल मिळालं. कबुतरांचा पिंजरा वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयाकडे जपून ठेवलेला आहे.

ही गोष्ट मी चहाच्या वेळी मुलाला सांगितली ती त्याला शहाणपण यावं म्हणून. तो भलताच भारावला. पुढच्याच आठवड्यात पावसाची झड लागलेली असताना एका फ्लोमीटरने खोडी काढली. व्हॉल्व्ह बंद, पाइपात थेंब नाही, तरी पडद्यावर अडीच टक्के प्रवाह. पूर्वीच्या मुलाने तो एका झटक्यात वजा केला असता. आता त्याने हात मागे घेतला. “सर, याला हात लावायला नको. रात्री पण तेवढाच आहे, दिवसा पण तेवढाच. मी डेटा साठवतोय.” आवाजात स्टॉकहोमचं तिकीट काढल्याचा कंप होता. मामांनी बिडी विझवली, जंक्शन बॉक्सचे चार स्क्रू खोलले आणि झाकण बाजूला केलं. दोन टर्मिनलांवर अंग टाकून एक ओलीचिंब पाल बसली होती.